कडव्यातली बाई

चार जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ. आमच्या गावच्या बेसबॉलच्या मैदानावर दरवर्षीसारखी गर्दी जमली होती. टेनेसीतला जुलै म्हणजे अंगाला चिकटून बसणारी हवा. ऊन कलतं, पण उकाडा काही हटत नाही. भाजलेल्या मक्याचा, डासांच्या स्प्रेचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा असा सगळा मिळून एक वास येत होता. कडेच्या झुडपांत काजवे लुकलुकायला लागले होते. फटाक्यांना अजून वेळ होता, म्हणून एका उघड्या ट्रेलरवर उभं राहून गावातलाच एक बँड गाणी म्हणत होता. मार्टिना मॅकब्राइड ह्या गायिकेचं ‘इंडिपेन्डन्स डे’ सुरू झालं आणि ध्रुपद आलं तसं मैदान उठून उभं राहिलं. बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं झेंडे हलवायला लागली. मीही उभी राहिले. पंचवीस वर्षं होतील इथे येऊन, ते ध्रुपद मला पाठ आहे. माझ्या शेजारी, घडीच्या खुर्चीत, आमच्या समोरच्या घरातल्या बाई बसल्या होत्या. पासष्टीच्या आसपासच्या, मांडीवर पातळ शाल, पायाशी लिंबू सरबताचा ग्लास. त्या उठल्या नाहीत. ध्रुपद चालू असताना त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग ध्रुपद संपलं, लोक खाली बसले, पुन्हा गप्पा सुरू झाल्या, आणि पुढचं कडवं लागलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. एकही शब्द न चुकता.

सगळं मैदान ध्रुपद गात होतं आणि त्या एकट्याच कडवी म्हणत होत्या.

हे गाणं चार जुलैचं आहे, पण झेंड्याचं नाही. आठ वर्षांच्या एका मुलीनं मोठेपणी सांगितलेली ती आठवण आहे. बाप पितो, आईला मारतो. गाव लहान. आईच्या गालावरचा वळ सगळ्यांना दिसतो, कुणी कुजबुजतं, कुणी बोलतंही, पण वेळ आली की जो तो मान फिरवतो. चार जुलैच्या सकाळी मुलगी एकटीच गावातल्या जत्रेला जाते. परत येते तेव्हा घर पेटलेलं असतं, बंबवाले आग विझवत असतात, आणि तिला अनाथ पोरांच्या सरकारी घरात नेतात. आईनं केलं ते बरोबर की चूक, हे मी सांगत नाही, असं ती मुलगी म्हणते. कदाचित तेवढा एकच रस्ता उरला होता. ग्रेचेन पीटर्सनं लिहिलेलं हे गाणं 1994 च्या उन्हाळ्यात रेडिओवर आलं. काही स्टेशनांनी ते लावायचंच नाकारलं, आणि बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री, म्हणजे इथल्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेल्या गाण्यांच्या, यादीत ते बाराव्या क्रमांकापुढे गेलं नाही. पुढच्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशननं त्यालाच वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. पण ध्रुपदात स्वातंत्र्याची हाक आहे, घंटानादासारखी चढत जाणारी चाल आहे आणि मॅकब्राइडचा तो छप्पर फाडणारा गळा आहे. 2001 च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर हे ध्रुपद गाण्यातून सुटं झालं आणि देशाभिमानाचं गीत होऊन बसलं. 2008 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या सभांत ते वाजलं, तेव्हा पीटर्सनं त्यातून मिळणारं मानधन पेलिन यांच्याच नावानं प्लॅन्ड पॅरेंटहूडला, म्हणजे पेलिन यांचा विरोध असलेल्या गर्भपाताची सोय करणाऱ्या संस्थेला, देऊन टाकायचं ठरवलं. पीटर्सबाईंचा संताप मला समजतो. आपण एका मार खाणाऱ्या आईची गोष्ट लिहावी आणि लोकांनी तिच्यातली आईच काढून टाकावी, ह्याहून वाईट लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येणार?

पण मी तरी काय वेगळं केलं होतं? इथल्या दक्षिणी उच्चारांची सवय व्हायला मला चार-पाच वर्षं लागली. तोवर कडव्यांत मला नुसता गिटारचा आणि बाईच्या आवाजाचा गुंता ऐकू यायचा. ध्रुपद तेवढं स्वच्छ. गाडी चालवताना मी ते मोठ्यानं म्हणायचे, खिडकी खाली करून. एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करायच्या आधी हेच गाणं लागलं, म्हणून किल्ली न काढता तशीच बसले आणि कडवी पहिल्यांदा नीट ऐकली. मागच्या सीटवर आइस्क्रीम वितळत होतं. गाणं संपून जाहिराती लागल्या तरी मी बसून होते. मला टेनेसी आठवतच नव्हतं. मला साताऱ्याची तक्तपोशी दिसत होती.

आमचा वाडा दोन मजली. खाली आम्ही, वर एक जोडपं भाड्यानं राहायचं. त्यांना मूल नव्हतं. वरच्या मजल्याची जमीन म्हणजेच आमचं छत: लाकडी तक्तपोशी, तिच्यावर माती, तिच्यावर शेणाचं सारवण. वर कुणी जोरात चाललं तरी फटीतून मातीची बारीक धार खाली यायची. आई म्हणायची, ताटं झाका. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला, महिन्यातून तीन-चारदा, वरून धप्प असा आवाज यायचा. भांडं पडल्याचा नव्हे. भांड्याचा आवाज घरंगळतो. हा आवाज एका जागी बसायचा. माती पडायची, आमटीत पडायची, चकचकीत तेलाच्या तवंगावर तिचे तपकिरी ठिपके दिसायचे. मग आई म्हणायची, ‘रेडिओ मोठा कर गं.’ मर्फीचा रेडिओ फळीवर होता, उजवीकडचं बटण माझ्या हाताला पाटावर चढलं की पुरायचं. बातम्या असोत की भावगीतं, मी बटण पिळायची. बाबा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर थोडं आणखी वर धरायचे. दुसऱ्या दिवशी वरच्या वहिनी विरजण मागायला यायच्या, हातातल्या बांगड्या कोपराकडे सारलेल्या आणि पदर उजव्या खांद्यावरून ओढून घेतलेला. आई विचारायची, काय झालं? ‘मोरीत पाय घसरला,’ वहिनी म्हणायच्या. आई म्हणायची, ‘शेवाळं धरतं हो पावसाळ्यात.’ आणि वाटीत चमचाभर विरजण घालून द्यायची. उन्हाळ्यातही त्या मोरीत घसरत होत्या. उन्हाळ्यातही आई शेवाळ्याचंच म्हणायची.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

भोंडल्याला आम्ही पोरी वाड्याच्या अंगणात पाटावर हत्ती मांडून फेर धरायचो. त्यात एक गाणं होतं, रुसून बसलेल्या राणीचं. सासुरवाशीण सून घरी यायला तयार नाही. सासू जाते, सासरा जातो, दीर जातो, जो तो काही ना काही द्यायला करतो, दागिना, कपडा. ती हलत नाही. शेवटी नवरा जातो. त्याच्याकडे लाल चाबूक. मग राणी मुकाट्यानं घरी येते. ह्या ठिकाणी फेर जोरात व्हायचा, कारण गाणं संपत आलं म्हणजे खिरापत जवळ आली. आम्ही चाबूक हा शब्द सगळ्यात मोठ्यानं म्हणायचो, हवेत हात फिरवून. एका वर्षी खिरापत वहिनींनी केली होती, वाटली डाळ. झाकलेलं पातेलं घेऊन त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या आणि आमचं गाणं संपायची वाट पाहत होत्या. त्यांचा चेहरा कसा होता हे मला आठवत नाही. मी पाहिलाच नव्हता. मी पातेल्याकडे बघत होते, आत काय आहे ते ओळखायचं होतं म्हणून.

इथे आल्यावर ही गाणी मी शोधून शोधून ऐकायला लागले, आणि ऐकता ऐकता एक गोष्ट मनात घर करून राहिली: गोष्ट सांगतंय कोण? अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाशियाच्या डोंगरांत इंग्लंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांनी जुनी खुनाची गाणी सोबत आणली. त्यातलं ‘नॉक्सव्हिल गर्ल’ लूव्हिन बंधूंनी 1956 मध्ये रेकॉर्ड केलं. दोन भावांचे आवाज एकमेकांत असे मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत, देवळातल्या आरतीसारखी गोड चाल. आणि शब्द कुणाचे, तर मारणाऱ्याचे. फिरायला नेलेल्या मुलीला तो काठीनं मारतो, ती गुडघ्यावर येऊन जीव वाचव म्हणते, तो थांबत नाही, केसांना धरून फरपटत नेऊन नदीत टाकतो. घरी आई विचारते, कपड्यांवर रक्त कसलं? तो म्हणतो, घोळणा फुटला. का मारलं हे गाणं सांगतच नाही. त्या मुलीला नाव नाही, तोंडी असलेलं एकच वाक्य, तेही दयेची भीक मागणारं. ते गाणं मी एकदाच पूर्ण ऐकलं. मला दोष त्या भावांना द्यायचा नाही, त्यांना जसं मिळालं तसं त्यांनी गायलं. पण ती हार्मनी इतकी सुंदर आहे की आपण मान डोलवतो, आणि मान डोलवल्याचं लक्षात आलं की पोटात कालवतं.

मग गायिका लोरेटा लिन आली, केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली. दारू पिऊन घरी येऊन माझ्याजवळ येऊ नकोस, असं नवऱ्याला बजावणारं तिचं गाणं 1967 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नवऱ्यानं हात उगारला की आपणही दुप्पट परत करायचो, असं ती पुढे उघड सांगायची. लोक हसायचे. मला त्यात हसू येत नाही. तरी एवढं खरं की इथे बाई स्वतःच्या तोंडानं बोलत होती.

1991 मध्ये गायक गार्थ ब्रूक्सच्या ‘द थंडर रोल्स’चा व्हिडिओ आला तेव्हाची हकिगत मला फार काही शिकवून गेली. गाण्याचे रेकॉर्डवरचे शब्द नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचे आहेत, मारहाणीचा त्यात शब्द नाही. व्हिडिओत मात्र तो नवरा बायकोवर हात टाकतो, जिन्यात उभी असलेली लहान मुलगी बघते, आणि तो मुलीकडे वळतो तेव्हा बायको पिस्तूल उचलते. तो नवरा ब्रूक्सनं स्वतः केला होता, दाढी आणि विग लावून. टीएनएन आणि सीएमटी ह्या कंट्री गाण्यांच्या दोन्ही वाहिन्यांनी व्हिडिओ काढून टाकला. सोबत दोन शब्द सांगून दाखवू, असं सुचवलं गेलं ते ब्रूक्सनं मानलं नाही. बाहेरख्यालीपणाचं गाणं दिवसभर वाजत होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. जिन्यातली मुलगी मात्र कुणाला बघायची नव्हती. त्याच वर्षी त्या व्हिडिओला सर्वोत्तम व्हिडिओचं बक्षीस मिळालं. पुढे मैफलींत तो पिस्तुलाचं कडवंही म्हणायला लागला, आणि म्हणतात, तेव्हा लोक जिवाच्या आकांतानं ओरडतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते मॅकब्राइडचंच 1997 मधलं ‘अ ब्रोकन विंग’. त्यात हात उचललेला कुठेही नाही. तो फक्त तिचं प्रत्येक स्वप्न मोडून काढतो, मग प्रेम करतो, थोडं देतो आणि परत घेतो. रविवारी सकाळी ती चर्चला आलेली नसते. तो वर जाऊन बघतो तर खिडकीपाशी चिठ्ठी आणि वाऱ्यावर हलणारा पडदा. ती निघून गेली की तिनं उडी टाकली, गाणं सांगत नाही. चाल मात्र आकाशात चढते, मागे कोरस, जणू उत्सव चाललाय. मी ज्या दिवशी ऐकते त्या दिवसाच्या मनःस्थितीप्रमाणे ती बाई कधी जगते, कधी मरते. वरच्या वहिनींनी एका मार्गशीर्षात घर सोडलं. टांग्यात दोन ट्रंका आणि गुंडाळलेली गादी. नवऱ्याची बदली झाली म्हणाले. त्या पुढे कुठे नांदल्या, कशा नांदल्या, मला माहीत नाही.

‘गुडबाय अर्ल’विषयी मात्र माझं मन अजून एका जागी ठरत नाही. डेनिस लिंडे नावाच्या पुरुषानं लिहिलेलं, आणि आता द चिक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिघींनी 2000 साली गाजवलेलं. वांडा आणि मेरी अ‍ॅन शाळेपासूनच्या मैत्रिणी. वांडाचा नवरा अर्ल मारतो. ती घटस्फोटाचा अर्ज करते, कोर्टाकडून जवळ न येण्याचा हुकूम मिळवते, आणि अर्ल तो हुकूम तुडवून आत येतो नि तिला अतिदक्षता विभागात पोचवतो. मेरी अ‍ॅन रात्रीच्या विमानानं अटलांटाहून येते. दोघी मिळून ठरवतात, आणि चवळीच्या उसळीत विष घालून अर्लचा निकाल लावतात. शेवटी रस्त्याकडेला जॅम विकत सुखानं राहतात. चाल अशी की पाय थिरकतात. हेही काही स्टेशनांनी नाकारलं. काहींनी लावलं, पण सोबत मदतीचा फोन नंबर सांगितला. आमच्या मराठी मंडळाच्या एका हळदीकुंकवाला, आवराआवरी चालू असताना स्वयंपाकघरात कुणीतरी हे लावलं, आणि शब्द कळत होते त्या सगळ्याजणी हातातली भांडी वाजवत खोखो हसल्या. मीही हसले. आणि हसत असताना बघितलं, सिंकपाशी पाठमोरी उभी राहून एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासणारी एक मुलगी हसत नव्हती. नवीनच आली होती, नवऱ्याच्या व्हिसावर. मी तिला काही विचारलं नाही. नंतर विचारू असं ठरवलं, आणि तिच्या नवऱ्याची नोकरी दुसऱ्या राज्यात लागली.

मला माणूस मारणं पटत नाही. गाण्यातसुद्धा पटत नाही. घर जाळून, पिस्तूल झाडून, विष घालून गोष्ट संपते तेव्हा माझ्या मनात दर वेळी येतं, ह्याखेरीज तिला दुसरा दरवाजा का नव्हता? आणि मग कळतं की गाणी तेच सांगतायत. अर्लच्या गाण्यात विषाच्या आधी अर्ज आहे, हुकूम आहे. गायिका मिरांडा लॅम्बर्टच्या ‘गनपावडर अँड लेड’मध्ये बाई दारात बंदूक घेऊन बसते, पण त्याआधी तो तुरुंगात गेलेला आहे आणि जामिनावर सुटून घरी यायला निघालाय. लॅम्बर्टचे आईवडील टेक्ससमध्ये खासगी गुप्तहेर होते आणि मार खाल्लेल्या बायकांना, त्यांच्या मुलांना स्वतःच्या घरी आसरा द्यायचे. तिच्या गाण्यातली बाई लहानपणी तिच्या घरात, तिच्या शेजारी झोपलेली असणार, असं मला वाटतं. बायकांवरील हिंसेविरुद्धचा कायदा इथे 1994 च्या सप्टेंबरात झाला, त्याखाली देशभराची मदतवाहिनी 1996 मध्ये सुरू झाली. ‘इंडिपेन्डन्स डे’मधल्या आईकडे फिरवायला तो नंबरही नव्हता. तिच्याकडे काडेपेटी होती.

ऑगस्टात त्या समोरच्या बाई टोमॅटो घेऊन आल्या. दरवर्षी आणतात, मोठे, वेडेवाकडे, देठाशी तडकलेले. मी चहा केला, आल्याचा, त्यांना आवडतो. मैदानावरचं ते कडवं महिनाभर माझ्या डोक्यात फिरत होतं. विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, ‘तुम्हाला ते सगळं गाणं पाठ आहे ना?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टोमॅटोंकडे. ‘आमच्या इथलं स्टेशन ते लावतच नव्हतं, हनी,’ त्या म्हणाल्या. ‘मी पार्लरमध्ये ऐकलं. डोकं धुवायला मागे टेकवलेलं होतं, कानात पाणी जात होतं, तरी ऐकू आलं.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘माझी मुलगी त्या उन्हाळ्यात आठ वर्षांची होती.’ मी काही बोलले नाही. ‘मी काही जाळलं-बिळलं नाही. एक दिवस तिला गाडीत बसवलं आणि निघाले. लगेच नाही. त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली.’ आणि त्यांनी कप दोन्ही हातांत धरून फुंकर घातली.

मग मीच बोलायला लागले. वाडा, तक्तपोशी, आमटीतली माती, मोरी, लाल चाबूक. विरजणाला काय म्हणायचं ते सुचेना, तर दही लावायला दही मागायला यायच्या असं सांगितलं. रेडिओचं सांगताना माझा उजवा हात आपोआप बटण फिरवल्यासारखा झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही ‘तू लहान होतीस’ असं म्हणाल्या नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. शेवटी एवढंच विचारलं.

‘तिचं नाव काय होतं?’

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांचं आडनाव आठवत होतं, त्यांच्या नवऱ्याची सायकल, तिची घंटा, तो कचेरीतून यायची वेळसुद्धा. वहिनींचं नाव मला माहीतच नव्हतं. त्या वरच्या वहिनी होत्या.

समोरच्या बाई गेल्यावर मी आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आई आता शहाऐंशीची आहे, नावं-गावं तिला माझ्यापेक्षा पक्की आठवतात. वरच्या वहिनींचं नाव विचारलं तर ती बराच वेळ आठवत राहिली. ‘काय बरं… आपण वरच्या वहिनीच म्हणायचो. वाटली डाळ फार छान करायची गं.’ मग म्हणाली, ‘आत्ता कुठून आठवली तुला?’ मी म्हटलं, सहज. पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मला वाटलं आईनं फोन ठेवला. तिनं ठेवला नव्हता.

‘रेडिओ मोठा करायला मीच सांगायचे,’ आई म्हणाली. ‘नाही का गं?’